वाणाचे टायर

जेलरोड, नाशिकरोड
२१ एप्रिल २०२४

अहो,

सप्रेम नमस्कार वगैरे काही लिहीत नाही. प्रेम असतं तर फोन उचलला असता. माझा नंबर ब्लॉक केलात, घोटीच्या तुमच्या बहिणीचाही केलात. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "ताई, आत काय आहे?" म्हटलं, "नवऱ्याला शिव्या आहेत, वजन करून घ्या."

पत्ता तुमच्या दोस्ताने, वाल्मीकभाऊंनी दिला. "वहिनी, सोमनाथ माझ्याकडे कागलला आहे. जेवतो, कंपनीत जातो, बोलत नाही. तुम्ही येऊ नका, आलात तर इथूनही निघून जाईल," एवढंच म्हणाले. म्हणून येत नाही. पण लिहू नका, असं कुणी म्हणालं नाही.

कारण टायर आहे. हसू नका. तुमच्या लाल गाडीचे टायर गेलेत.

हो, गाडी मी चालवते. तुम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बॅग उचलून गेलात. गाडी गॅरेजातून नीट होऊन आली आणि नुसती खाली उभी राहिली. माझ्या मेसचे डबे एकलहऱ्याला पोचवणारा रिक्षावाला रोज नवं दुखणं काढायचा. शेवटी जानेवारीत मी क्लास लावला आणि शिकले. ज्या गाडीत तुम्ही मला साधा वडापाव खाऊ दिला नाहीत, त्या गाडीच्या मागच्या सीटवर आता रोज आमटीची बरणी पट्टा लावून बसते. पुढे डबे. थर्मल पॉवर स्टेशनच्या गेटवर वॉचमन सॅल्यूट मारतो, त्याला वाटतं साहेब आले. उतरते मी, पदर खोचलेली.

पुढचे दोन टायर बरे आहेत. मागचे मात्र गुळगुळीत झालेत, बोट फिरवलं तर कुठे अडकत नाही. पावसाच्या आत बदलायला हवेत. आपले टायरवाले अब्बासभाई म्हणाले, "भाभी, सेकंड हँड आहेत, ठोकलेल्या गाडीतून काढलेले, एकदम चकाचक." मी म्हटलं, चालतील. पुढच्या आठवड्यात टाकते.

आला ना राग? येऊ दे. रस्त्यात अनोळखी माणसाच्या गाडीत हवा कमी दिसली तर काच वाजवून सांगणारे तुम्ही. बायकोच्या गाडीला कुणाचे तरी उतरवलेले टायर लागतायत आणि गप्प बसाल? बसून दाखवा.

एक ओळ लिहा. शिवी लिहा. कोणते घेऊ एवढंच लिहा.

उज्वला

*

५ मे

अहो,

बसलात गप्प. शाब्बास.

ते जुने टायर मी घेतले नाहीत, नुसतं तुम्हाला डिवचलं होतं. या दोन आठवड्यांत मी स्वतःच टायरचा अभ्यास केला. दुकानात जाऊन बसते, लोक काय घेतात ते बघते. कळलं ते असं, की एक असतात टिकणारे, रबर कडक, वर्षानुवर्षं झिजत नाहीत. दुसरे असतात धरणारे, मऊ, ओल्यात रस्ता सोडत नाहीत, पण लवकर झिजतात. चपलांसारखंच की. बाथरूममध्ये कडक सोलची घातली की आपटलाच माणूस. अब्बासभाई तिसरेही दाखवतात, रुंद, गाडीच्या बाहेर डोकावणारे. "भाभी, स्पोर्ट गाडी आहे, शोभा येईल," म्हणतात. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा मोठे टायर टाकणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात ते मला आठवतं, इथे लिहीत नाही. तर तेच टाकू का?

तुम्हीच पायलला शिकवलं होतं, गाडी एवढी मोठी, पण जमिनीला टेकते ती फक्त चार तळहातांएवढी जागा. तिचे तळहात फरशीवर ठेवून दाखवलं होतंत.

पायलचं लिहिते. चाकाची खुर्ची सोडली तिने. भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत येते, डावा पाय थोडा ओढते. मांडीतल्या सळ्या आता काढायच्या, बारा जूनला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, छोटं आहे, काळजी नको. पोरगी त्यांना म्हणाली, "पप्पा आले की करू." आठ वर्षांची पोर, डॉक्टरांना तारीख देते.

तुम्ही गेल्यावर रोज विचारायची, पप्पा कधी येणार. मी काहीबाही सांगायचे. आता विचारत नाही. महिना झाला असेल. विचारायची तेव्हा मी वैतागायचे, आता तिने एकदा तरी विचारावं म्हणून देव पाण्यात घातलेत. परवा शेजारच्या हर्षालीला सांगत होती, "मी गाडीत खूप ओरडले ना, म्हणून पप्पा गेले." पोळी लाटत होते, लाटणं हातात तसंच राहिलं.

ऐकलंत? तिला वाटतं, तिच्या ओरडण्याने गेलात.

घोटीहून येताना पावसात गाडी फिरली. कुणाचीही फिरते. लोक ठोकतात, दुरुस्त करतात, पुन्हा चालवतात. तुम्ही पायल हॉस्पिटलात असेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत, नुसते तिच्या पायाकडे बघायचात. मी एकदा तरी म्हणाले का, की तुमची चूक? माझे आप्पा म्हणाले का? मग कशाची शिक्षा घेताय आणि आम्हाला का देताय?

दर रविवारी वाल्मीकभाऊंना फोन करते. विचारते, जेवला का? खरं विचारायचं असतं ते तोंडातून निघत नाही. ते "हो" म्हणाले की मग पुढचा रविवार येईपर्यंत जगायचं.

लिहा हो. पाया पडते.

उज्वला

*

१९ मे

अहो,

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. गुरुवारी माझी गाडी घसरली.

मला काही झालं नाही. एकलहऱ्याच्या वळणावर राखेच्या टँकरमधून राख सांडलेली, त्यावर कुणी पाणी मारलेलं, नुसता शेंबूड झाला होता. मी हळूच होते. पण मागून कुणीतरी गाडी उचलून बाजूला ठेवावी तसं झालं. शेपूट माझ्यापुढे जायला निघालं. स्टेअरिंग हातात आणि हातात काहीच नाही. कडेच्या मातीच्या ढिगात जाऊन थांबली म्हणून आज लिहितेय. आमटी सगळी सीटवर. थर्मलच्या पोरांनी त्या दिवशी कोरडी पोळीभाजी खाल्ली, एकानेही तक्रार केली नाही, उलट गाडी धुवून दिली. मी गेटजवळ बसून रडले, आमटीसाठी रडतेय असं सांगून.

संध्याकाळी तशीच अब्बासभाईंकडे गेले. म्हटलं, आज बदलाच. ते म्हणाले, "पुढचे दोन चांगले आहेत भाभी, दोनच घ्या. नवीन पुढे टाकू, पुढचे मागे टाकू. इंजिन पुढे, ओढ पुढे, तर नवीन पुढेच. सगळी दुनिया असंच करते." तिथे बसलेल्या चार जणांनी माना डोलावल्या.

मी "हो" म्हणणार, तेवढ्यात तुमचं आठवलं. कुणी नवे टायर पुढे टाकले की तुम्ही सुरू व्हायचात: "पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, माणूस ब्रेक मारतो, सावरतो. मागचं घसरलं तर गाडी गरागरा फिरते, मग देवच मालक. नवे नेहमी मागे!" शंभरदा ऐकलं, मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायचे.

आणि मग अंगावर काटा आला. घोटीच्या रस्त्याला गाडी फिरलीच होती. मागूनच. आणि त्या दिवशीही नवे पुढेच होते आणि जुने मागे, कारण तेव्हापासून टायर कुणी हलवलेलेच नाहीत. गॅरेजवाल्याने पत्रा सरळ केला, चाकांना हात नाही लावला.

तुम्ही तर मेलात तरी नवे पुढे टाकणार नाही. मग ते तसेच राहिले कसे? अब्बासभाईंना विचारलं तर इकडेतिकडे बघायला लागले. म्हणाले, "भाभी, गिऱ्हाईक आहे, नंतर या."

टायर टाकले नाहीत अजून. डबे सध्या रिक्षाने जातात. तुम्ही सांगा, मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्याआधी.

उज्वला

*

२६ मे

सोमनाथ,

आज "अहो" म्हणणार नाही. राग आहे माझा.

अब्बासभाईंनी सांगितलं. मी दुकानाच्या दारातच बसले, म्हटलं, सांगितल्याशिवाय उठणार नाही.

गेल्या वर्षीचा धोंड्याचा महिना. आप्पांनी आपल्याला सायखेड्याला बोलावलं. आईने पुरणाचे धोंडे केले, तुम्हाला पाटावर बसवून ओवाळलं. जावयाला वाण द्यायचं. दुसरे सासरे चांदीचं ताट देतात, अंगठी देतात. आमच्या आप्पांचं डोकं वेगळं. "जावयाचा जीव त्या गाडीत हाय, तर तिलाच देऊ," म्हणाले. आदल्या दिवशी मी आपल्या गाडीतून, शेजाऱ्याला चालवायला घेऊन पुढे आले होते, तर आप्पांनी माझ्याकडून चावी घेतली, त्याच शेजाऱ्याबरोबर गाडी अब्बासभाईंकडे नेली आणि टायर बसवून आणले. वाण जोडीने द्यायचं, म्हणून दोन. आणि दिसायला हवेत, म्हणून पुढे. कुंकू लावलं, नारळ फोडला. तुम्ही वाकून नमस्कार केलात. मी टाळ्या वाजवल्या. मला काय कळतं पुढचं मागचं.

हे सगळं माझ्यासमोर झालं होतं. पुढचं माहीत नव्हतं. दोन दिवसांनी तुम्ही अब्बासभाईंकडे गेलात म्हणे. म्हणालात, हे मागे टाका, मागचे पुढे घ्या. त्यांनी जॅक लावला. आणि तुम्ही म्हणालात, "राहू द्या. आप्पा परवा घरी येणार आहेत. त्यांनी हौसेने पुढे लावलेत, कुंकू आहे अजून. बघतील तर वाईट वाटेल. नंतर बघू."

नंतर! ते नंतर आलंच नाही. घोटीला निघालो तेव्हाही कुंकू होतं का हो? की आप्पांचा मान होता?

तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही पायलच्या पायाकडे तसे बघायचात. आणि बोललात का नाही? कारण बोलायचं तर माझ्या बापाचं नाव घ्यावं लागलं असतं. सासऱ्याला दोष द्यायचा नाही, बायकोला दुखवायचं नाही, म्हणून मूग गिळले आणि तेच मूग घशात अडकले. सगळा भार आपल्या डोक्यावर घेतला आणि कागलला जाऊन बसलात. केवढे मोठे झालात! जावई असावा तर असा! आणि मी? मी सहा महिने देवाला विचारतेय, की माझं काय चुकलं.

तुम्हाला काय वाटलं, मी बापाची बाजू घेईन? घेतलीही असती. भांडले असते. दोन दिवस जेवण केलं नसतं. पण तुम्ही इथे असता ना. भांडायला तरी असता.

आप्पांना काही माहीत नाही. दर बुधवारी वांगी, मेथी घेऊन येतात, खाली गाडीजवळ थांबतात, पुढच्या टायरवर काठी मारतात आणि मला ओरडून सांगतात, "पोरी, आपले टायर बघ, आजून नव्यावानी हायेत!" आता मी काय करू? सांगितलं तर म्हातारा मोडेल. नाही सांगितलं तर तुम्ही येणार नाही. इकडे बाप, तिकडे नवरा, मध्ये लंगडणारी पोर.

उत्तर द्या. यावेळी टायरचं नको.

उज्वला

*

२ जून

अहो,

उत्तर नाही. मग मी माझ्या मनाने केलं. आप्पांना सांगितलं.

बुधवारी आप्पांच्या हातात मेथीची जुडी होती, ती तशीच घेऊन ते बसले. मी सगळं सांगितलं, थांबत थांबत. मग ते मेथी निवडत राहिले. पानं टोपलीत आणि काड्याही टोपलीतच. मग म्हणाले, "त्यानं मला सांगायचं व्हतं. मी काय खाल्लं आसतं का त्याला?"

मी टोपलीतल्या काड्या वेगळ्या करायला लागले.

मग स्वतःच म्हणाले, "खाल्लं आसतं. रुसलो आसतो मी. माझं वाण उलटं केलं म्हणून वरीसभर तुझ्या दारात पाय ठेवला नसता. चार गावांत सांगत फिरलो आसतो. त्याला ठावं व्हतं." आणि कपाळावर हात मारून घेतला. "पोरी, माझ्या मानापायी नातीचा पाय गेला आसता गं."

मी म्हटलं, आप्पा, सगळी दुनिया पुढेच टाकते. ते म्हणाले, "दुनियेची नात नव्हती गाडीत."

दोन दिवस जेवले नाहीत. आई घाबरली. काल फोन करून म्हणाले, "लिही त्याला. म्हणावं, सासरा चुकला. म्हणावं, तू चुकला ते येवढंच, का बोलला नाय." मी लिहिलं.

आता माझं ऐका. हे शेवटचं पत्र आहे, कारण पुढे लिहायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

शनिवारी आठ तारखेला मी गाडी अब्बासभाईंकडे लावतेय. आप्पा म्हणतात नवे मागे टाक. मी पुढे टाकणार. सगळं कळून पुढे टाकणार. त्याच गाडीत बारा तारखेला पायलला मागे बसवून हॉस्पिटलात नेणार, भर पावसात नेणार. ही धमकी आहे. हो, धमकीच. आई म्हणून लाज वाटते लिहायला, पण साध्या शब्दांनी तुम्ही हलत नाही. विनवण्या करून झाल्या, रडून झालं. आता तुमच्याच त्या शंभरदा सांगितलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवते. हे तरी तुमच्याने बघवणार नाही, असं मला वाटतं. आणि हेही बघवलं, तर मग तुम्ही जेवता का हे मी वाल्मीकभाऊंना विचारणं बंद करीन.

स्पीड पोस्टने पाठवतेय. दुकानाचा नंबर तुमच्याकडे आहे.

उज्वला

*

८ जून, अब्बासभाईंच्या दुकानातून

अहो,

हे दुकानातल्या टायरच्या थप्पीवर बसून लिहितेय. कागदाला काळं लागलंय.

सकाळी अकराला आप्पांना घेऊन आले. अब्बासभाईंनी गाडी उचलली, चारी चाकं काढली आणि मला विचारलं, "भाभी, ठरलं?" मी म्हटलं, "नवे पुढे." आप्पा ओरडले, "मागं!" आमचं दोघांचं तिथेच जुंपलं. खरं सांगते, पुढे टाकायची माझी हिंमत नव्हती. मी नुसती वेळ काढत होते. कान दुकानाच्या फोनकडे. बारा वाजले, साडेबारा झाले. आप्पांनी काठी टेकली आणि माझ्याकडे बघेनासे झाले. अब्बासभाई म्हणाले, "भाभी, बसवू का?" मी "हो" म्हटलं आणि पदर तोंडाला लावला. मागे की पुढे हे विचारायलाही ते थांबले नाहीत, चाक घेऊन मागच्या बाजूला गेले.

तेव्हा फोन वाजला.

अब्बासभाईंनी नुसतं "कोण?" म्हटलं आणि माझ्याकडे न बघता फोन आप्पांच्या हातात दिला. का ते मला अजून कळलं नाही. आप्पांनी फोन उलटा धरला, मग सुलटा केला. म्हणाले, "जावईबापू, मी सावळीराम." आणि काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिले. दुकानात हवा भरायचं मशीन चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं.

मग तुम्ही बोललात. आप्पांनी मला नंतर सांगितलं, काय ते. तुम्ही विचारलंत, "आप्पा, जेवलात का?"

म्हातारा जो रडला. मी कधी बापाला रडताना बघितलं नव्हतं, तेही टायरच्या दुकानात.

मग फोन माझ्याकडे आला. इतक्या महिन्यांचं मनात साठवलं होतं, रोज पोळ्या लाटताना घोकलं होतं, तुम्ही समोर आलात की काय काय बोलायचं. आणि तोंडातून निघालं काय, तर "कोणते घेऊ?"

तुम्ही म्हणालात, "धरणारे. चारही." म्हणजे पत्रं वाचलीत. मेल्या, सगळी वाचलीत आणि एक ओळ लिहिली नाहीत.

मग म्हणालात, "मी येईपर्यंत चाकं बसवू नका. अब्बासभाईंना सांग, चावी तुझ्याकडे द्यायची नाही." आणि फोन ठेवलात.

चावी त्यांनी खरंच दिली नाही. खिशात घालून वर बटण लावलंय. गाडी चार ओंडक्यांवर उभी आहे, चाकांशिवाय. आप्पा तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेत, जेवायला चला म्हटलं तर हलत नाहीत. म्हणतात, तो येऊन विचारील तेव्हा सांगीन, जेवलो नाय.

पायलला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तुम्ही येतो म्हणालात, कधी ते म्हणाला नाहीत, आणि त्या पोरीला आता मी कुठलीही तारीख देणार नाही. दारात दिसाल तेव्हा तिला आपोआप कळेल. मात्र आल्यावर आधी तिच्याशी बोला, माझ्याशी नंतर. तिला सांगा, की तिच्या ओरडण्याने तुम्ही गेला नव्हतात. हे मी सांगून चालत नाही. मी शंभरदा सांगितलं, तिला खरं वाटत नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. ब्लाउजमध्ये ठेवते. आलात की हातात देईन, आणि मग माझ्यासमोर बसून वाचायचं, मोठ्याने.

उज्वला